तालुक्याचे आरोग्य : प्रस्तावना

पाचोऱ्यात लोकांचे आरोग्य नेमके कोणाकडे आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. शहराचे पाणी, गटारी, कचरा आणि डासांची फवारणी नगरपरिषदेकडे. ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचे, म्हणजे जळगावच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतले. लोहारा, वरखेडी, नगरदेवळा, पिंपळगाव हरेश्वर या बाजूंची खेडी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आणि उपकेंद्रांना जोडलेली आहेत, ती केंद्रे जिल्हा परिषदेची. त्यांचे साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, शाळेतली खिचडी शिक्षण विभागाची, रेशन तहसील कचेरीचे, दुधातेलातली भेसळ अन्न व औषध प्रशासनाची. ही यादी कंटाळवाणी आहे आणि ती मुद्दामच आरंभी दिली आहे, कारण या पुस्तकाचा विषय तिच्यातच दडला आहे. अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याच्या एखाद्या तांड्यावर दोन वर्षांचे मूल वजनात मागे पडते तेव्हा त्याच्या दुखण्याचा एकेक तुकडा वेगवेगळ्या कचेरीच्या वहीत असतो. लसीची नोंद नर्सबाईंकडे, वजनाची अंगणवाडीताईंकडे, शिधापत्रिका पुरवठा शाखेकडे, हातपंपाच्या पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीकडे. आईबाप दिवाळीआधी ऊसतोडीला गेले आणि उन्हाळा लागल्यावर परतले, ही गोष्ट बहुधा कोणाच्याच वहीत नसते. प्रत्येक कचेरी आपापले काम चोख केल्याचा अहवाल देऊ शकते, आणि तरीही मूल खंगत जाते. या प्रस्तावनेचे म्हणणे थोडक्यात असे आहे: आरोग्याचे जे काम एका खात्याच्या हातात पूर्णपणे आहे ते महाराष्ट्रात बऱ्यापैकी सुधारले, जे दोन-चार खात्यांच्या मध्ये पडते तिथे विषमता मुक्काम ठोकून बसली. ही फट बुजवायची तर ते काम तालुक्याच्या पातळीवर करावे लागेल.

सार्वजनिक आरोग्य म्हणजे सरकारी दवाखाना, असा आपल्याकडे रूढ समज आहे. दवाखाना त्याचा एक भाग झाला. डॉक्टर आपल्यासमोर आलेल्या रुग्णाचा विचार करतो. सार्वजनिक आरोग्याला जो आलाच नाही त्याचाही करावा लागतो, आणि जो अजून आजारी पडलेला नाही त्याचाही. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशियातल्या टायफसच्या साथीची चौकशी करायला रुडॉल्फ विर्खो या तरुण डॉक्टरला पाठवले. त्याने औषधांची यादी देण्याऐवजी शिक्षण, रस्ते, शेतीसुधारणा आणि लोकांच्या हाती कारभार अशी मात्रा सुचवली. सरकारला ती अर्थातच रुचली नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक गटारे आणि नळ यांचा आग्रह धरत होता. त्याचा हेतू मात्र बराचसा हिशेबी होता: गरीब आजारी पडले की त्यांना पोसण्याचा खर्च वाढतो. पुढच्या पावणेदोनशे वर्षांतले बहुतेक वाद या दोघांच्या वादाचीच पिल्ले आहेत. आजाराचे मूळ घाणीत आहे, की घाणीत राहावे लागण्याच्या कारणांत? नंतर जंतू सापडले, लसी आल्या आणि प्रयोगशाळेचा तिसरा पंथ निघाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखू, मीठ, व्यायाम यांवर बोलणारा चौथा. चौघांच्याही पदरी खरे यश आहे, म्हणून यांतला एकच खरा मानून बाकीचे मोडीत काढणे हा शहाणपणा नव्हे.

आपल्याकडे या क्षेत्राची सुरुवात सरकारी दंडुक्याने झाली. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती हिंदुस्थानातली पहिली. पण सरकार आणि प्रजा आरोग्याच्या निमित्ताने खऱ्या अर्थाने समोरासमोर आली ती प्लेगात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, आणि घरांची झडती, सामानाची होळी, माणसांना उचलून छावणीत नेणे सुरू झाले. पुण्यात त्याचे पर्यवसान रँडच्या खुनात झाले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. एकाच साथीत आरोग्याचे हे दोन चेहरे लोकांनी पाहिले. खानदेशाने पाठोपाठ १८९९-१९०० चा, लोकांच्या तोंडी छपन्नचा म्हणून राहिलेला दुष्काळ सोसला. उपासमारीने खचलेल्या माणसांना आधी पटकी आणि हिवतापाने गाठले. धान्य, पाणी आणि औषध वेगवेगळे मोजता येत नाहीत, हे या मुलखाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. कायद्याची गोष्ट मात्र तिथेच थांबली. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा महाराष्ट्राने बाहेर काढला तो १८९७ चाच कायदा. तमिळनाडूत १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा आहे आणि रुग्णालयांपासून वेगळे असे सार्वजनिक आरोग्याचे संचालनालयही आहे. तिथे पाणी, गटारे आणि साथी यांचा विचार करणे हे कुणाचे तरी पूर्णवेळ काम असते. आपल्याकडे ते काम रुग्णालयातून वेळ मिळाला तर होते.

सरकारच्या या वाटेशेजारी खानदेशात आणखी एक वाट होती आणि आरोग्याच्या इतिहासात तिची नोंद क्वचित होते. १९३० नंतरच्या दशकात तळोदे भागात गुलाम महाराजांनी भिल्लांमध्ये एक चळवळ उभी केली. दारू सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, एकमेकांना मानाने ‘आप’ म्हणून हाक मारा. हजारोंनी लोक आरतीला जमू लागले. १९३८ साली महाराज वारले, पुढे रामदास महाराजांनी काम चालवले, आणि इतके आदिवासी एकत्र येतात म्हटल्यावर सरकारला त्यात आरोग्य दिसण्याऐवजी बंड दिसले. १९७२ नंतर शहाद्यात श्रमिक संघटनेने जमीन आणि मजुरीचे लढे दिले, तेव्हा बायका गुत्त्यांवर चालून गेल्या आणि मडकी फोडली. मजुरीचा पैसा गुत्त्यावर आणि मार घरी, हा हिशेब त्यांचा त्यांनीच मांडला होता. व्यसनमुक्तीची भित्तिपत्रके जे साधू पाहतात ते या दोन चळवळींनी काही काळ साधले, कारण तिथे आरोग्य हा मानाचा आणि मजुरीचा भाग होता. याचा अर्थ चळवळीने दवाखान्याची जागा घ्यावी असा नाही. आरती करून अडलेली बाळंतीण सुटत नाही, आणि चळवळ ओसरली की गुत्ते परत येतात, हेही त्याच भागाने पाहिले आहे. पण आरोग्यसंवर्धन म्हणजे शहाण्यांनी अडाण्यांना सांगणे, ही कल्पना खानदेशापुरती तरी खोटी ठरली आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा दिला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि प्रतिबंध व उपचार एकाच छताखाली असावेत, ही त्या आराखड्याची दोन सूत्रे होती. १९५२ च्या समुदाय विकास कार्यक्रमापासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि केंद्रे त्यांच्याकडे गेली. मोठी रुग्णालये राज्याकडेच राहिली. विकेंद्रीकरणाचा तो खरोखर मोठा प्रयोग होता, पण भोर समितीला नको असलेली फाळणी, प्रतिबंध एकीकडे आणि उपचार दुसरीकडे, त्याच प्रयोगात पक्की झाली. मलेरिया, देवी, क्षय, कुटुंबनियोजन यांचे वरून खाली येणारे स्वतंत्र कार्यक्रम त्याच काळातले. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही, हे त्या पद्धतीचे यश. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, हे तिचे दुसरे टोक. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, इतकेच. उद्दिष्टाचा आकडा वरून आला की खालचा कर्मचारी माणसे मोजू लागतो. नर्सबाई गावात शिरताना दिसली की घराची दारे लावून घेण्याची सवय त्या वर्षांनी लावली, आणि ती मोडायला पुढच्या पिढीतल्या नर्सबाईंना फार कष्ट पडले.

१९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा दिली आणि प्राथमिक आरोग्यसेवेत अन्न, पाणी, स्वच्छता व लोकसहभाग यांना जागा दिली. वर्षभरातच उलटा सूर निघाला: एवढे सगळे गरीब देशांना परवडणार नाही, म्हणून निवडक उपाय घ्या, लसी द्या, जलसंजीवनी द्या, बाळाची वाढ मोजा. पुढची तीस वर्षे जगभर हा निवडक पंथच चालला, कारण त्याचे यश मोजता येते आणि देणगीदाराला दाखवता येते. या वादात महाराष्ट्राने घातलेली भर लहान नाही. जामखेडला १९७० पासून रजनीकांत व मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बहुधा निरक्षर आणि दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेणाऱ्या स्त्रिया तयार केल्या आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी बाळाचे वजन करायला जाते, त्यामागे हे काम आहे. मात्र सरकारने ही प्रारूपे उचलली ती त्यातले तंत्र उचलून. जामखेडच्या सेविकेला गावात जो अधिकार होता, प्रश्न विचारण्याचा, जातीची रांग मोडण्याचा, तो २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशाताईला मिळाला नाही. तिला मिळाला कामागणिक मोबदला आणि दरवर्षी वाढणारी नोंदवह्यांची संख्या. आणखी एक प्रवाह विम्याचा. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. पुढे तीच महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शेत विकण्याची वेळ तिने अनेकांवरची टाळली, हे मान्य करायलाच हवे. पण हृदय बिघडू नये म्हणून विमा काही करत नाही.

आता पुराव्याकडे येऊ. नमुना नोंदणी पद्धतीनुसार महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण २०१६-१८ मध्ये लाखामागे ४६ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ झाले. देशाचे तेव्हा ९७ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या दरम्यान राज्यातली दवाखान्यातली बाळंतपणे ९०.३ टक्क्यांवरून ९४.७ टक्क्यांवर गेली. हे आरोग्य खात्याचे निखळ यश आहे. पण त्याच दोन फेऱ्यांत पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्के झाले, आणि रक्त कमी असलेल्या स्त्रियांचे ४८ वरून ५४.२. बोटातून रक्त घेऊन तपासण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत, हे खरे. तरीही सुधारणा झाली असे म्हणण्याला या आकड्यांत आधार नाही. बाळंतपण दवाखान्यात व्हावे यासाठी १०८ ची गाडी, नर्स, अनुदान, खाट, सगळे एकाच खात्याच्या हातात आहे. मूल खुरटू नये यासाठी आईचे लग्न अठराव्या वर्षाआधी न होणे, तिला पोटभर आणि नीट खायला मिळणे, पाण्यात मैला न मिसळणे, बाळंतपणानंतर काही महिने मजुरी सोडता येणे, हे सगळे एकाच वेळी जमावे लागते, आणि त्याचा एकत्र जाब देणारी कचेरी कुठेच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की समृद्धी आली की हे आपोआप सुटते. जळगाव जिल्हा हेच त्याचे उत्तर आहे. केळी, कापूस, ठिबक सिंचन यांनी पैसा आणलेला हा जिल्हा. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे इथे ८८० मुली होत्या, २०११ साली ८४२. राज्यात बीडखालोखाल ही सर्वात वाईट अवस्था होती. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला होता, केंद्राचा १९९४ साली आला. सोनोग्राफीचे यंत्र गरिबाच्या पाड्यावर आधी पोहोचत नाही, ते पोहोचते पैसा आणि रस्ता असलेल्या गावात. म्हणजे आरोग्यातली विषमता हा केवळ आदिवासींचा किंवा गरिबांचा प्रश्न आहे, हा समज सोयीचा असला तरी चुकीचा आहे. इथे सुस्थितीतल्या घरांनीच विषमता निर्माण केली, शिकलेल्या डॉक्टरांच्या मदतीने.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या खासगी बोलण्यात हटकून येतो: लोकच ऐकत नाहीत, भगताकडे जातात, गोळ्या फेकून देतात. यात तथ्य नाही असे नव्हे. पण ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली मांडलेला नियम इथे तपासून पाहावा: चांगली सेवा जिथे सर्वाधिक हवी तिथेच ती सर्वात कमी मिळते. सरकारी निकषांनुसार सपाटीच्या भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी व डोंगराळ भागात अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजार. जळगाव जिल्ह्यातले अनुसूचित क्षेत्र चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या तालुक्यांपुरते आहे. पाचोरा त्याबाहेर आहे. त्यामुळे गिरणेकाठच्या भिल्ल वस्तीतल्या बाईला, ती भिल्ल असूनही, गरोदरपणी अमृत आहार योजनेचे गरम जेवण मिळत नाही. ती योजना अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाड्यांसाठी आहे. बंजारा तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात, तेव्हा तांड्याला आदिवासी निकष लावण्याचा प्रश्नच येत नाही. नकाशावरच्या रेषेने वगळलेल्या माणसाला ‘ऐकत नाही’ म्हणण्याआधी आपण त्याच्याशी काय बोललो, आणि अहिराणी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या आईशी कोणत्या भाषेत बोललो, हे पाहिलेले बरे.

मग सगळे लक्ष या वगळलेल्यांवरच द्यावे काय? तसे केल्याने योजना गरिबांच्या होतात, आणि गरिबांच्या योजनांकडे पाहणारे कोणी उरत नाही. रेशनच्या धान्याची गुणवत्ता पाहिली की हे कळते. उलट सर्वांना सारखेच द्यायचे म्हटले तर जो जवळ, जो शिकलेला, ज्याच्याकडे गाडी, तो आधी पोहोचतो आणि दरी रुंदावते. इंग्लंडमध्ये मायकेल मार्मट यांच्या २०१० च्या अहवालाने यातून काढलेला मार्ग समंजस वाटतो: सेवा सर्वांसाठीच असावी, पण तिची मात्रा गरजेनुसार वाढत जावी. तालुक्याच्या भाषेत सांगायचे तर लसीकरणाचा दिवस प्रत्येक गावाला एक, आणि तांड्याला शिवाय ऊसतोडीला निघण्याआधीचा एक जादा. यासाठी नवी योजना लागत नाही. वस्तीनिहाय यादी लागते, आणि तिच्यानुसार वेळापत्रक बदलण्याचा अधिकार लागतो.

तालुकाच का, यालाही उत्तर दिले पाहिजे. गाव हे स्वयंपूर्ण आणि सहभागी असते असे मानून बरेच आरोग्य कार्यक्रम आखले गेले. पण गाव म्हणजे संकुचितपणाची गुहा, हा आंबेडकरांनी संविधान सभेत १९४८ साली दिलेला इशारा आरोग्यालाही लागू पडतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या वर्षाच्या दहा हजार रुपयांत आधी कोणत्या गल्लीतली गटार साफ होते, हे सांगायला संशोधन लागत नाही. जिल्हा दुसऱ्या बाजूने गैरसोयीचा: रावेरची केळी, भुसावळची रेल्वे आणि चाळीसगावचे तांडे एका सरासरीत घातले की कोणाचेच चित्र राहत नाही. तालुक्याला गावातली माणसे ओळखण्याइतकी जवळीक आहे आणि गावकीपासून सुटण्याइतके अंतरही आहे. ‘समन्वय समित्या आहेतच, आणखी एक बैठक कशाला’, हा कर्मचाऱ्यांचा वैताग रास्त आहे. बैठकीला खर्चाचा अधिकार नसेल आणि तिचे इतिवृत्त लोकांना दिसत नसेल तर ती नसलेलीच बरी. २००७ पासून नंदुरबारसह राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचे. औषधे बाहेरून आणायला लावणे, बाळंतपणाला पैसे मागणे, नर्सबाईने महिनोन्महिने पाड्यावर न जाणे, हे प्रश्न तिथे सुटू लागले. मात्र प्रश्न दुसऱ्या खात्याचा निघाला की जनसुनवाईतही तेच ऐकू येई: हे आमच्याकडे येत नाही. आणखी एक भीती खरी आहे. वस्तीनिहाय याद्या म्हटल्या की ज्या समाजांवर एकेकाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांच्यावर आता आजाराचा बसू शकतो. म्हणून यादी माणसांच्या दोषांची नसावी, सेवांच्या उणिवांची असावी: कुठे नर्सबाई गेली नाही, कुठे पाणी तपासले नाही.

हे सगळे आज बोलायचे कारण आहे. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा कोविड मृत्युदर देशातल्या सर्वात वाईट आकड्यांमध्ये गणला जात होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर २०१८ पासून जिल्ह्यात होते. उशिरा आणि खालावलेल्या अवस्थेत रुग्ण येणे, आधीचा मधुमेह व रक्तदाब कुणी पाहिलेला नसणे, खालच्या दवाखान्यातून वरच्या दवाखान्यात ‘रेफर’ होत राहणे, यांची किंमत तेव्हा मोजावी लागली. साथ ओसरली, मधुमेह आणि रक्तदाब राहिले. दुसरीकडे जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जाणे आता बातमी राहिलेली नाही. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला. पण उन्हाचा आराखडा म्हणजे रुग्णालयात थंड खोली एवढेच नसते. जिनिंगमधल्या हमालाची, वीटभट्टीवरच्या जोडप्याची आणि रोजगार हमीच्या मजुराची दुपारची वेळ बदलायला लागते, आणि ती वेळ ठरवणारे कामगार, महसूल व पंचायत हे तिघेही आरोग्य खात्याच्या बाहेर आहेत. आणि मुळात गिरणेच्या आवर्तनावर ज्या शहराचे नळ अवलंबून आहेत, तिथे उन्हाळ्यात पाणी साठवायला पिंप कोणाकडे आहे आणि हंडा कोणाकडे, यावर डेंगी आणि जुलाब यांची वाटणी ठरते.

हे पुस्तक याच फटीवर लिहिले आहे. ते आरोग्य योजनांची माहितीपुस्तिका नाही, आणि शासनावरचे आरोपपत्रही नाही. एक तालुका समोर ठेवून त्यातली आरोग्याची कामे ज्या संस्थांमध्ये वाटली गेली आहेत, त्या संस्था एकमेकींना कुठे भेटतात आणि कुठे चुकतात, याचा माग त्यात घेतला आहे. कायदा आणि निकष यांचा भाग काही वाचकांना रूक्ष वाटेल. तो टाळला असता तर पुढचे सगळे सद्भावनेच्या पातळीवर राहिले असते. आदिवासी भागाविषयी मराठीत चांगले लेखन झाले आहे, म्हणून सातपुड्यापेक्षा गिरणेच्या दोन्ही काठांना आणि अजिंठ्याच्या पायथ्याला इथे जास्त जागा दिली आहे. ज्यांना ना आदिवासी योजनेचे छत्र ना शहराची सोय, असे लोक तिथे राहतात. खासगी दवाखान्यांचा विचार या पुस्तकात अपुरा आहे, आणि बहुसंख्य लोक उपचारासाठी तिथेच जातात हे पाहता ही उणीव लहान नाही. मानसिक आरोग्य आणि शेतकरी आत्महत्या यांनाही स्वतंत्र पुस्तकच हवे. पंचायत समितीचे सदस्य, नगरसेवक, आशाताई व त्यांच्या संघटना, तालुक्याचे डॉक्टर आणि पत्रकार हे या पुस्तकाचे अपेक्षित वाचक आहेत. शेवटी जोडलेले कोरे तक्ते कोणत्याही तालुक्यात भरता येतील असे आहेत. वस्तीचे नाव, आरोग्य केंद्रापर्यंतचे अंतर, गेल्या बारा महिन्यांत नर्सबाई किती वेळा आली, पाणी केव्हा तपासले, किती कुटुंबे कोणत्या महिन्यात बाहेर जातात. पाचोऱ्याचे तक्ते आधी भरले जावेत अशी इच्छा आहे. चाळीसगाव किंवा शिंदखेड्याने आधी भरले तरी हरकत नाही.